टॉवर कडक, फोन मऊ

माझ्या बाइकवर आत्ता जो नेव्हिगेशन टॉवर, म्हणजे हँडलच्या पुढे नकाशाचा फोन नजरेसमोर धरणारा उभा स्टँड, बसलाय तो तिसरा आहे. पहिला उन्हात उभ्या उभ्या वाकला, दुसऱ्याला बेंडवर तडा गेला, आणि हा तिसरा दीड वर्ष झालं अजून सरळ उभा आहे. फोटो बघून बरेच जण ड्रॉइंग मागतात, पण खरं सांगू का, दुसऱ्याचं ड्रॉइंग घेऊन फारसा उपयोग होत नाही, तुमची बाइक वेगळी, तुमची उंची वेगळी, हेल्मेट वेगळं. त्यापेक्षा हा असा का झाला तेच सविस्तर लिहितो.

हँडलबारला क्लॅम्प आणि त्यावर फोन, सगळ्यांची सुरुवात इथूनच होते. हँडलचा व्यास बहुतेक बाइकवर २२.२ मिमी असतो, नाहीतर टेपर्ड म्हणजे टोकाकडे बारीक होत जाणारं हँडल असेल तर मधे जाड भागात २८.६ मिमी, दोन्हीला क्लॅम्प सहज मिळतात, त्यावर एक इंची रबरी बॉल, बॉलवर आर्म, आर्मवर फोन. डांबरी रस्त्यावर हे छान चालतं, त्याबद्दल तक्रारच नाही. पण दगडधोंड्यांच्या वाटेला लागलं की तो आर्म म्हणजे तरफ होतो, फोन बॉलपासून जितका लांब तितका त्या बॉलवर जोर जास्त, आणि थोड्या थोड्या वेळाने फोन मान टाकतो. परत थांबा, परत आवळा. टॅबलेट लावला तर वजन सगळं हँडलवर येतं आणि वाळूत किंवा चिखलात पुढचं चाक हलकं ठेवायचं असतं तेव्हा ते जाणवतं. आणि एक गोष्ट कुणी फारसं बोलत नाही, हँडल वळलं की स्क्रीन पण वळते, म्हणजे नेमकं ज्या वळणावर नकाशा बघायचा तिथेच तो तिरका.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा नजरेचा. ताशी ६० च्या वेगात एक सेकंद खाली बघितलं की बाइक साधारण १७ मीटर पुढे गेलेली असते. कच्च्या रस्त्यावर १७ मीटरमध्ये काय काय येऊ शकतं ते तुम्हाला माहीत आहे. फोन टाकीच्या जवळ असेल तर नुसते डोळे खाली करून भागत नाही, मान वाकवावी लागते, कारण ऑफरोड हेल्मेटचा हनुवटीचा भाग पुढे आलेला असतो आणि तो खालचं सगळं झाकतो. बसून चालवताना हे एवढं कळत नाही. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा मग कळतं.

रॅलीवाल्यांनी याचं उत्तर फार आधी काढलंय. तिएरी साबीन हा फ्रेंच रायडर १९७७ मध्ये एका रॅलीत लीबियाच्या वाळवंटात रस्ता चुकला, त्यातून त्याला पॅरिस-डकार या वाळवंटातल्या लांब रॅलीची कल्पना सुचली आणि २६ डिसेंबर १९७८ ला पहिली रॅली पॅरिसहून निघाली. तिथे दिशा शोधणं हाच अर्धा खेळ, त्यामुळे बाइकवर जो टॉवर तयार होत गेला तो बघण्यासारखा आहे, मधे कागदी रोडबुकचा, म्हणजे वाटेच्या खुणा लिहिलेल्या लांब पट्टीचा, रोल असलेला डबा, त्याच्या वर किती अंतर झालं ते दाखवणारा ट्रिपमीटर आणि दिशा दाखवणारा डिस्प्ले, आणि डाव्या अंगठ्याखाली रोल पुढेमागे करायचं बटण. सगळं एका उभ्या रेषेत, रायडर उभा असताना समोर बघतो त्याच्या अगदी थोडं खाली. डोळे फक्त वरखाली जातात, डावीउजवीकडे शोधत बसत नाहीत, आणि हात हँडल सोडत नाही. मी यातली उभी रेष आणि उंची घेतली, बाकी रॅलीचा डामडौल मला नको होता.

त्यामुळे माप घ्यायचं ते असं: बाइक स्टँडवर सरळ उभी, अंगात पूर्ण गिअर, बूट, हेल्मेट, गॉगल, आणि पेगवर उभं राहून समोर बघायचं. मित्राने जाड पुठ्ठ्याचा तुकडा हळूहळू वर आणायचा आणि मान न हलवता तो पूर्ण दिसला की तिथे टेपने चिकटवायचा. मग बसून बघायचं, समोरचा रस्ता झाकला जातो का. माझ्या बाबतीत उभं राहून जे बरोबर वाटलं ते बसल्यावर जरा उंच होतं, शेवटी दोन बोटं खाली आणलं. मूळचा स्पीडोमीटर आणि ऑइल, हाय बीम, न्यूट्रलचे दिवे दिसत राहिले पाहिजेत, टॉवरच्या नादात ते झाकले तर कामाचं नाही. या पुठ्ठ्यावर दोन संध्याकाळी गेल्या आणि पूर्ण कामातला सगळ्यात उपयोगी वेळ तोच होता.

आता टॉवर पकडायचा कुठे? हेडस्टॉकला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिला. बऱ्याच ॲडव्हेंचर बाइकवर हेडस्टॉकला पुढे बोल्टची जागा असते, तिथे हेडलाइट आणि मीटर धरणारा स्टे बसतो, तोच पाया. फ्रेमला बांधलं की वजन हँडलवरून उतरतं, स्क्रीन वळत नाही, आणि अजून एक फायदा मला नंतर लक्षात आला, करंटची वायर बॅटरीपासून टॉवरपर्यंत पूर्ण फ्रेमवरूनच जाते, हँडलबरोबर ती सारखी दुमडत नाही. तोटा एकच, हँडल आता टॉवरच्या मागे फिरतं, त्यामुळे पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ब्रेक ऑइलची डबी, क्लच केबल, आरसे कुठे घासत नाहीत ना ते बघावं लागतं. मी पुठ्ठ्यावरच हे केलं तेव्हा ब्रेकची डबी एका बाजूला लागत होती, तिथे खाच घेतली.

आणि आता थरथर. सिंगल सिलिंडर इंजिन ६००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर-खाली नेतं, हादरे कमी करणारा बॅलन्स शाफ्ट असला तरी त्यातलं थोडं उरतंच, म्हणजे १०० हर्ट्झचा हादरा सतत फ्रेममधून वर येत असतो. प्रत्येक ब्रॅकेटची स्वतःची एक चाल असते, झोका जसा त्याच्याच तालात हलतो तसं, आणि इंजिनचा ताल त्याच्याशी जुळला की ब्रॅकेट नाचायला लागतं. दुसरा टॉवर ४५०० च्या आसपास असा काही थरथरायचा की स्क्रीनवरची अक्षरं दोन दोन दिसायची, ५५०० ला एकदम शांत. मला तेव्हा वाटलं पत्रा पातळ आहे, जाड घेऊ. ते चुकीचं होतं. ब्रॅकेटची चाल ही कडकपणा भागिले वजन, त्याच्या वर्गमुळावर ठरते, जाड पत्र्याने कडकपणा वाढतो पण वजनही वाढतं. त्यापेक्षा पत्र्याच्या कडा १५ मिमी आत वाकवल्या आणि खाली तिरका गसेट (आधाराचा तुकडा) देऊन त्रिकोण केला तर तोच पत्रा कितीतरी कडक होतो, आणि वजन जवळजवळ तेवढंच. तिसरा टॉवर दुसऱ्यापेक्षा पातळ पत्र्याचा आहे, ३ च्या जागी २.५ मिमी, आणि त्याची थरथर माझ्या वापरातल्या आरपीएममध्ये येतच नाही.

मग रबर कुठे? फक्त एकाच जागी, टॉवर आणि फोनची प्लेट यांच्या मधे, चार रबरी बॉबिन, म्हणजे दोन्ही टोकांना बोल्ट असलेले रबराचे ठोकळे. मी आधी पायाशीही रबर वॉशर घातले होते आणि मधल्या जॉइंटलाही, वाटलं जितकं रबर तितकं बरं, पण झालं असं की खड्ड्यात पूर्ण टॉवर डुलायला लागला. रबरावर ठेवलेल्या वस्तूचीही एक चाल असते, आणि हादरा त्या चालीच्या साधारण १.४ पटीच्या वर असेल तरच रबर तो अडवतं, त्याच्या खाली उलट वाढवतं. म्हणून टॉवर शक्य तितका कडक, त्याची चाल खूप वर, आणि शेवटची प्लेट मऊ, तिची चाल खूप खाली, आणि इंजिन मधल्या मोकळ्या जागेत चालू दे. ब्रॅकेट करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, टॉवर कडक, फोन मऊ.

फोनचे हे लाड करायचं कारण कॅमेरा. ज्या फोनमध्ये ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय, आहे त्यात लेन्स अक्षरशः चुंबकाच्या जोरावर तरंगत असते, सतत हादऱ्याने ते बिघडू शकतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये हे स्वतःच जाहीर केलं, जास्त ताकदीच्या बाइकच्या हँडलवर आयफोन थेट लावू नका म्हणून. माझ्या टॉवरवर एक जुना फोन कायमचा राहतो, त्यात ऑफलाइन नकाशे आणि जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या फाइल), रोजचा फोन खिशात.

मटेरियलचं थोडक्यात. पहिला टॉवर मी पीएलए या प्लास्टिकमध्ये ३डी प्रिंट केला होता, पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं, काळा रंग आणि कडक ऊन एवढं पुरलं. एएसए हे दुसरं प्लास्टिक १०० अंशापर्यंत तग धरतं आणि उन्हाने ठिसूळ होत नाही, म्हणून स्विचचा डबा आणि वायरची झाकणं त्यात प्रिंट केली, पण भार घेणारा भाग प्रिंटचा नको, थर जिथे एकमेकांवर बसतात तिथूनच तो फाटतो. दुसरा टॉवर ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा होता, नावाजलेला ग्रेड, मिलिंगला उत्तम, पण टी६ कडक असतो, तो आवळून वाकवला की बेंडच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढ्या रेषा पडतात. ॲल्युमिनियमचा अजून एक स्वभाव आहे, स्टीलला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, छोटा ताण लाखो वेळा आला की तडा जातोच कधीतरी. त्या रेषेतूनच तो गेला, आणि उरलेला दिवस टॉवर झिप टाय आणि एका पट्ट्याने बांधून काढला. तिसरा ५०५२-एच३२ या दुसऱ्या ॲल्युमिनियम ग्रेडचा. ताकद कमी आहे पण वाकायला शहाणा, जाडीच्या दीडपट त्रिज्येतही तडे न जाता वळतो. लेझरने कापून घेतला, भोकांच्या आणि कडांच्या सगळ्या खाचा कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या, कारण तडा नेहमी एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो. तासभर लागतो, कंटाळा येतो, पण हे सोडू नका.

प्लेटवर भोकं ३० बाय ३८ मिमीच्या चौकटीत पाडली, हा एएमपीएस नावाचा ठरलेला भोकांचा पॅटर्न बहुतेक जीपीएस आणि होल्डरला बसतो, उद्या उपकरण बदललं तरी प्लेट तीच. वर १२ मिमीचा आडवा रॉडही दिलाय. प्लेटचे कोपरे मोठ्या गोलाईचे आणि रायडरकडे एकही बोल्टचं टोक बाहेर नाही, कारण पडलो तर छाती आधी तिथेच जाणार आहे.

वायरिंगमध्ये फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, टॉवरजवळ नाही, नाहीतर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजला कळणारच नाही. रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) इग्निशनवर, म्हणजे बाइक बंद तर सगळं बंद. जोड सोल्डर न करता क्रिंप केले, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून बसवले, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक आणि मऊच्या सीमेवर थरथरून तुटते, आणि वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. चार्जिंगची केबल पिनेपासून दोन इंचावर प्लेटला बांधून टाका, म्हणजे केबलचं वजन पोर्टवर येत नाही. वायरलेस चार्जर मी काढून टाकला, उन्हात तो आणि फोन दोघं मिळून इतके तापायचे की स्क्रीन मंद व्हायची, आणि मंद स्क्रीन दुपारी दिसतच नाही.

बोल्ट स्टीलचे एम६, जिथे मागे हात पोचतो तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा), जिथे पोचत नाही तिथे निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवलीय, बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, टॉर्चच्या उजेडात दोन मिनिटांत सगळे बघून होतात. मागच्या आठवड्यात डावीकडच्या खालच्या बोल्टची रेघ सरकलेली दिसली, उघडून बघितलं तर आट्यांना ऑइल लागलं होतं, थ्रेडलॉकर धरलंच नव्हतं. साफ केला, परत लावला, नवी रेघ मारली.