तुम्ही विचारलंत म्हणून: एका सुईणीच्या रोजनिशीत एवढं काय आहे?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळावर बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "त्या वेळच्या साध्यासुध्या बायकांबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलं नसेल, मग तुम्ही बोलता ते कशाच्या आधारावर?" विचारणाऱ्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून सविस्तर उत्तर देते.

सरकारी कागदांपुरता हा प्रश्न बरोबर आहे. 1790 साली अमेरिकेची पहिली जनगणना झाली. तिच्यात नाव लिहिलं फक्त कुटुंबप्रमुखाचं. गोऱ्या स्वतंत्र पुरुषांचे दोन रकाने होते, सोळा वर्षांच्या आतले आणि वरचे, कारण हाताशी माणूसबळ किती आहे हे सरकारला हवं होतं. गोऱ्या बायकांना एकच रकाना. तान्ही मुलगी आणि ऐंशीची आजी एकाच आकड्यात. गुलामांचाही नुसता आकडा, त्यात बाई किती नि पुरुष किती तेही नाही.

पण बायकांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. मी नेहमी मार्था बॅलर्डचं नाव घेते. 1735 साली मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावी जन्मलेली ही बाई पुढे केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेलला राहायला गेली. हा भाग आज मेन राज्यात आहे. मार्था सुईण होती. 1 जानेवारी 1785 पासून मे 1812 पर्यंत, म्हणजे मरणाच्या उंबरठ्यापर्यंत, तिने रोजनिशी लिहिली. तेवढ्या काळात तिने 816 बाळंतपणं केली.

24 एप्रिल 1789 ची नोंद बघा. धो धो पाऊस. दुपारी एकच्या सुमारास ह्यूइन्स नावाच्या घरून बोलावणं आलं. नदीला उधाण, तरी नावेतून पलीकडे गेली. वाटेत एक ओढा तरंगत्या ओंडक्यांवरून ओलांडला. पुढे डोळ्यांदेखत एक मोठं झाड मुळासकट उन्मळून पडलं आणि घोडा बिथरून मागे सरला. त्यापुढच्या ओढ्यावरचा पूलच वाहून गेलेला. न्यायला आलेल्या माणसाने लगाम धरून, स्वतः पाण्यात उतरून घोडा पार नेला. रात्री दहाला मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप. हे सगळं मोजक्या ओळींत, मधे मधे देवाचे आभार. मार्थाचं वय तेव्हा चोपन्न.

अशी नाट्यमय पानं थोडी. बाकी सगळी रोजची कामं: कुणाला ताप, कुणाच्या मुलाला गोवर, बागेत काय पेरलं, मुलींनी मागावर किती कापड विणलं, कोण चहाला आलं. बाळंतपणाचा मोबदला बहुधा सहा शिलिंग. तो कधी रोख, कधी जिनसांत मिळायचा, आणि त्याचा चोख हिशेब तिथेच असे. जुन्या इतिहासकारांनी रोजनिशी उघडली, पण या नोंदी किरकोळ वाटून त्यांनी ती बाजूला ठेवली. मला याचा मनापासून राग येतो. सत्तावीस वर्षं न चुकता लिहिलेल्या या 'किरकोळ' नोंदी एकापुढे एक ठेवल्या की गावाची एक आख्खी अर्थव्यवस्था दिसू लागते. सूत, कापड, कोंबड्या, औषधी पाला, शेजारच्या मुलीची कामातली मदत, सगळी देवाणघेवाण बायकांची बायकांशी. नवऱ्याच्या नावाने भरलेल्या कराच्या यादीत यातलं काहीच सापडत नाही. 1980 च्या दशकात लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासकार बाईंनी नेमकं हेच काम चिकाटीने केलं.

एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. लग्नाशिवाय दिवस गेलेल्या बाईला ऐन कळांमध्ये सुईणीने मुलाच्या बापाचं नाव विचारायचं, अशी तेव्हा रीत होती. त्या क्षणी बाई खोटं बोलणार नाही असं मानत, आणि मुलाच्या पोटगीसाठी ते नाव कोर्टात ग्राह्य धरलं जाई. ऑक्टोबर 1791 मध्ये सॅली पियर्सचं बाळंतपण करताना मार्थाने विचारलं. सॅलीने नाव घेतलं जोनाथनचं, मार्थाच्याच मुलाचं. मार्थाने ते जसंच्या तसं लिहिलं. ना सफाई, ना त्रागा. काही महिन्यांनी दोघांचं लग्न झालं. कायदा, अब्रू, आईचं मन आणि धंद्याचा प्रामाणिकपणा, सगळं त्या एका ओळीत आहे. त्या काळच्या कुठल्या सेनापतीच्या पत्रात मला हे मिळणार होतं?

या बाईचं दुःख मात्र रोजनिशीच्या आधीचं आहे. 1769 च्या उन्हाळ्यात घटसर्पाच्या साथीत तिच्या तीन मुली तीन आठवड्यांच्या आत गेल्या. पुढे हजारो रात्री ती दुसऱ्यांच्या लेकरांच्या उशाशी बसली, ती हे मागे टाकून.

रोजनिशी टिकली कशी, हेही विचारतात. घरच्यांनीच जपली. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात होत ती मार्थाची खापरपणती मेरी होबार्ट हिच्याकडे आली. ती स्वतः डॉक्टर होती. 1930 साली तिने ती मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. आता तिची पानं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. मार्थाचं अक्षर लागायला वेळ लागतो आणि स्पेलिंग तिच्या मनाचं आहे. तेव्हा सुरुवात करताना एक अख्खा महिना सलग वाचा, निवडक उतारे नकोत. त्याच त्या नावांची माणसं पुन्हा पुन्हा येऊ लागली की मग गाव ओळखीचं व्हायला लागतं.