गंजकी टेबल सॉ

फोंड्याला एका सुताराने धंदा बंद केला, त्याची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची लाकूड चिरायची करवत, साडेसहा हजाराला उचलली, बायको म्हणाली भंगारवालापण एवढे देणार नाही. बिडाचं टेबल आणि गोव्यातला पावसाळा, म्हणजे गंज किती ते विचारूच नका. रॉकेल मिळेना म्हणून डिझेल ओतून दोन दिवस पॉलिश पेपर घासला तेव्हा कुठे करडं बीड दिसलं, वर मेणाचा हात. मोटर घरघरायची, ६२०३ नंबरची दोन्ही बेअरिंग बदलल्यावर गप्प. खरी कटकट फेन्सची, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचं त्या पट्टीची, ती मागच्या बाजूला मिलिमीटरभर ब्लेडकडे झुकलेली, अशाने लाकूड मध्ये अडकतं आणि थेट पोटावर येतं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. काल फणसाची फळी चिरली. पिवळाधमक भुसा, केसात पण!