मानेतल्या नसा छातीत का उतरतात?

शरीररचनाशास्त्र शिकवताना मान हा भाग मी शक्यतो उशिराच घेतो. कवटी आणि छाती यांच्यामधल्या एवढ्याशा जागेतून श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार धमन्या आणि मज्जारज्जू जातात, आणि ही दाटी पाहून विद्यार्थी लगेच पाठांतराकडे वळतात. माझ्या मते मान पाठ करण्यात अर्थ नाही. ती गर्भात कशी घडली हे पाहिले की तिथल्या आडवाटांचा उलगडा होऊ लागतो.

स्वरयंत्राला जाणारी डावी रिकरंट (मागे वळणारी) नस, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर मज्जातंतू, हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. विच्छेदन करताना थायरॉइडचा डावा भाग हलकेच उचलून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतली चरबी चिमट्याने बाजूला केली, की जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ही पांढरट नस खालून वर येताना दिसते. मेंदूकडून निघालेली नस खालून कशी येते, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. ती ज्या व्हेगस नसेची शाखा आहे, ती कवटीच्या तळातून निघून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या सोबतीने, स्वरयंत्राच्या शेजारूनच खाली जाते. शाखा मात्र छातीत फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग परत वर चढते.

गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय घशाच्या अगदी लगत असते, आणि त्या वेळी ही नस घशाजवळच्या धमन्यांपैकी सहाव्या जोडीच्या खालून जवळच्या वाटेने स्वरयंत्रापर्यंत पोहोचते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरते आणि धमनीखाली अडकलेली नस तिच्याबरोबर खाली ओढली जाते. उजवीकडे त्या धमनीचा बाहेरचा भाग विरून जातो, म्हणून तिथली नस वरच्या, हाताकडे रक्त नेणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीखालूनच वळते आणि आखूड राहते. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो. (दुसऱ्या शतकात रोममध्ये ग्रीक वैद्य गॅलेनने जिवंत डुकराची ही नस कापून दाखवली होती, डुकराचे ओरडणे थांबले, धडपड मात्र चालूच राहिली.) आवाज बरेच दिवस बसलेला राहिला, तर डॉक्टर घशाबरोबर छातीचीही तपासणी करायला सांगतात, कारण डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी वाढलेली गाठ या नसेवर दाब आणू शकते.

श्वासपटलाची गोष्टही याच वळणाची आहे. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू मानेच्या पातळीवर घडू लागतो आणि खाली सरकताना आपली फ्रेनिक नस सोबत नेतो. म्हणून ती नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जापातळीतून निघते. मज्जारज्जूला याच्या वर पूर्ण इजा झाली, तर रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. याच्या खाली झाली, तर हातपाय लुळे पडूनही श्वास चालू राहतो. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा खांदा दुखतो तोही याच नात्यामुळे: पोटात भरलेल्या वायूने श्वासपटलाला त्रास होतो, आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना त्याच मज्जापातळ्यांकडे जात असल्याने वेदना तिथे जाणवते.

थायरॉइडचा प्रवास जिभेच्या मुळापासून सुरू होतो. या ग्रंथीच्या उतरण्याच्या वाटेवर नळीचा अवशेष राहिला, तर तिथे पुढे गाठ होऊ शकते, आणि जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर ती गाठ वर सरकते. निदानाची ही साधी खूण मला आजही फार आवडते.

थायरॉइडच्या मागे रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांपैकी खालची जोडी गर्भात वरच्या जोडीच्याही वर जन्मते, पण छातीकडे उतरणाऱ्या थायमस ग्रंथीबरोबर खाली येताना तिला मागे टाकते. कधी ती वेळेवर थायमसपासून सुटत नाही आणि थेट छातीत जाऊन बसते. रक्तातले कॅल्शियम वाढलेल्या रुग्णाच्या मानेत खालची ग्रंथी सापडेनाशी झाली, की शल्यचिकित्सक थायमसमध्ये तिचा शोध घेतात.