बिंदू सरकवून पाहताना

लश्कर, ग्वाल्हेर
शनिवार, रात्री

आज नववीला अर्धवर्तुळातला कोन घेतला. खिडक्यांना जुन्या चादरी अडकवल्या, प्रोजेक्टर लावला आणि जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढलं. व्यास पक्का, परिघावरचा बिंदू मोकळा, व्यासाची दोन्ही टोकं त्याला जोडलेली. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीच्या हातात माउस दिला. बिंदू फिरतोय, बाजू लांब-आखूड होतायत आणि कोन मात्र ९० अंशांवर ठाम. तिने भराभर फिरवून पाहिलं, मग अगदी सावकाश. तेवढ्यात मागून आवाज आला, "मैडम, पॉइंट को एकदम किनारे पे ले जाएँ तो?"

नेला. बिंदू व्यासाच्या टोकाला टेकला आणि कोनाचं माप पडद्यावरून नाहीसं झालं. वर्गात एकच गलका! एक बाजूच उरली नाही तर कोन येणार कुठून, हे त्यांनी आपसात भांडून ठरवलं. मी एक अक्षर बोलले नाही. असा तास मिळाला की दिवसभर अंगात उत्साह राहतो.

सिद्धता मात्र फळ्यावरच केली. केंद्रापासून बिंदूपर्यंत त्रिज्या जोडली, दोन समद्विभुज त्रिकोण पडले, पुढचं मुलांनीच सांगितलं. शंभर जागी ९० दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हे त्यांना कळायलाच हवं. आणि धडा स्लाइडवर टाकून नुसता वाचूनच दाखवायचा असेल, तर फळा काय वाईट? मला हे सगळं हवं ते "असं केलं तर?" विचारता यावं म्हणून. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला शिकताना जिओजेब्रा सुरू केलं. ते फुकट मिळतं, फोनवरही चालतं. मुलं घरी जाऊनही बिंदू सरकवू शकतात, याचं मला फार अप्रूप आहे.

सोमवारची तयारी आत्ताच झाली. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवळाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन आणि रोजचे ५० हार, अशी त्यात नोंद आहे. फोनवर काढलेला फोटो मोठा करून पाहिला. २७० आणि ५० मधलं शून्य शेजारच्या अंकांपेक्षा लहानसं, वर उचललेलं, पण आज आपण काढतो तसंच गोल. आपल्या गावच्या दगडावरचं हे शून्य भिंतभर मोठं करून दाखवायचं आहे. वर्षानुवर्षं किल्ला बघत वाढणाऱ्या मुलांनी ते जवळून पाहिलेलंच नसतं.

मग गुणाकार: ५०,४९० चौरस हात. पण हात कुणाचा? प्रत्येकाने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात मोजायचा, आकडा स्प्रेडशीटमध्ये भरायचा आणि बाग कुणाच्या हाताने किती चौरस मीटर होते ते आलेखात पाहायचं. वर्गातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या मुलाच्या बागेत केवढा फरक पडेल, याचा अंदाज आधी वहीत लिहून घेणार आहे.