ट्राय की नाही?

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला रग्बी लीगपासून फार काळ अलिप्त राहता येत नाही. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारख्यानेही काही हिवाळ्यांतच सहा टॅकलचा हिशेब (चेंडू घेऊन धावणाऱ्याला सहा वेळा पकडून अडवले की चेंडू समोरच्या संघाकडे जातो) आत्मसात केला आणि पाठोपाठ इथल्या प्रेक्षकांचा आवडता जोडधंदाही, म्हणजे पंचांवर चिडणे.

चुकणाऱ्या पंचाचा मला राग येत नाही. तेरा-तेरा धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळत असताना चेंडू निसटला की हिसकावला गेला, हे एका नजरेत ओळखणे अवघडच आहे आणि २०२० पासून तर मैदानावर दोनाऐवजी एकच पंच असतो. राग येतो तो एकाच संध्याकाळी, अगदी सारख्या दोन प्रसंगांत, दोन निराळे निकाल लागतात तेव्हा.

हे टळावे म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगने २०१६ मध्ये सिडनीत ‘बंकर’ सुरू केला. निरनिराळ्या मैदानांवरची दृश्ये एका खोलीत येतात, तिथले पंच एकेक कोन मागवून मोठ्याने विचार करत निकाल देतात आणि तो सगळा संवाद आपल्याला घरबसल्या ऐकू येतो. इतक्या साक्षी तपासल्यावर न्याय चुकेल कसा, असे कुणालाही वाटावे. पण गोम त्याच्या आधीच असते. २०१२ पर्यंत चित्रफितीवरून काही ठरत नसेल, तर संशयाचा फायदा चढाई करणाऱ्या संघाला मिळे. २०१३ पासून मैदानावरच्या पंचाने आधी ‘ट्राय’ (म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला) किंवा ‘नाही’ असे आपले मत द्यायचे आणि ते खोडण्याइतका पुरावा सापडला तरच वरच्यांनी ते फिरवायचे, अशी रीत पडली. आता चार-पाच देहांच्या ढिगाखाली चेंडू जमिनीला टेकला की मध्ये कुणाचा हात आला, हे पंचाला दिसलेलेच नसते. म्हणून तर तो वर विचारतो. तरीही त्याला काहीतरी बोलावेच लागते. तो अंदाज बोलतो, कॅमेऱ्यालाही ढिगाखालचे दिसत नाही आणि अंदाजच निकाल होऊन खाली येतो. पूर्वार्धात अंदाज ‘ट्राय’चा होता, उत्तरार्धात ‘नाही’चा, बंकर दोन्ही वेळा नियमाला धरूनच वागला आणि एका संघाचे चार गुण मात्र गेले. ‘अंपायर्स कॉल’वर कपाळाला हात लावणाऱ्या क्रिकेटरसिकांना हे दुःख ओळखीचे वाटेल, फक्त तिथल्या पंचाला चेंडू दिसलेला तरी असतो.

शिवाय बंकरला सगळ्यांत तोंड घालायची मुभा नाही. चेंडू हाताने पुढे फेकायला इथे मनाई आहे, पण पास पुढे गेला का, हे ठरवणे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले आणि त्यामागचे कारण मला पटते: वेगाने धावणाऱ्या खेळाडूने हातातून मागे सोडलेला चेंडूही त्याच्या वेगामुळे जमिनीच्या मानाने पुढे सरकतो, आणि तिरक्या कोनातला कॅमेरा हमखास फसवतो. पण २०१९ च्या अंतिम सामन्यात घडले ते पचवणे कठीण आहे. कॅनबेरा रेडर्स आणि सिडनी रूस्टर्स ८-८ असे बरोबरीत, सामना संपत आलेला; पंचाने हात फिरवून कॅनबेराला आणखी सहा टॅकल मिळाल्याची खूण केली आणि लगेच ती मागे घेतली. जॅक वायटनने पहिल्या खुणेवर विसंबून चेंडू हाती ठेवला, तो पकडला गेला आणि चेंडू रूस्टर्सकडे गेला. थोड्याच वेळात जेम्स टेडेस्कोने ट्राय केला आणि सामना १४-८ असा संपला. सुधारलेला निर्णय योग्य होता, असे नंतर सांगण्यात आले. असेलही, पण खेळाडू खूण पाहून खेळतो, नंतरचा खुलासा ऐकून नव्हे.

२०२० पासून कर्णधारांना आव्हान देण्याचा हक्क मिळाला, त्याने उघड चुका काही प्रमाणात दुरुस्त होतात. ढिगाखालच्या चेंडूला त्याचा उपयोग नाही. तिथे संशयाच्या फायद्याचा जुना नियम परत आणावा, असे माझे मत आहे. चुका तेव्हाही होतील, पण त्या सगळ्यांच्या वाट्याला एकाच मापाने येतील. पॅरामॅटाविरुद्ध कुणी असा संशयास्पद ट्राय केला, तर त्या संध्याकाळपुरते हे मत स्थगित समजावे.