हलका हात

प्रत्यारोपणात बसवलेली किडनी मांडीच्या सांध्याच्या जरा वर, कातडीखाली अगदी हाताशी असते. आपल्या मूळच्या किडन्या पाठीकडे खोल, श्वासागणिक हलणाऱ्या. त्यामुळे सोनोग्राफीला ही सोपी, आणि त्याच कारणाने फसवी. प्रोब जरा दाबला गेला की किडनीच दबते, डायास्टोलमधला, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातला, रक्तप्रवाह घटतो आणि आरआय, म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स, रक्ताला आत शिरताना होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, उगाच वाढलेला दिसतो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोनोग्राफी विभागात फॉर्म आला : 'ट्रान्सप्लांट डॉपलर', म्हणजे बसवलेल्या किडनीतला रक्तप्रवाह बघा. बस्स. लघवी किती, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती, पत्ता नाही. फॉर्म भरणाऱ्यांना आम्ही ज्योतिषी वाटतो. आरआय आला ०.७८. पेशंट कळवळला, टाके ताजे होते. हात हलका करून पुन्हा मोजलं : ०.७३. म्हटलं, दाबच होता. काळजीच्या ०.८ च्या आत आहे, व्हेनमध्ये, म्हणजे किडनीतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत, प्रवाह दिसतोय, भोवती थोडं रक्त साचलंय, ते तर असतंच. ०.७३ लिहून पुढच्या पेशंटला बोलावलं.

पहाटे चारला फोन आला. लघवी थांबली होती. कॅथेटर धुऊन, त्यात गुठळी अडकलेली नाही हे बघूनच रेसिडेंटने फोन केला होता. एवढी अक्कल सगळे दाखवत नाहीत. प्रोब ठेवला तर आलेखात सिस्टोलचं, म्हणजे ठोक्याचं, टोक वर आणि डायास्टोल रेषेच्या खाली. आत गेलेलं रक्त परत ढकललं जात होतं. मंद प्रवाहही दिसावा म्हणून मशीनची स्केल उतरवली, गेन वाढवला, तरी व्हेनमध्ये रंग भरेना. साचलेलं रक्त संध्याकाळच्या कितीतरी पट वाढून व्हेनवर बसलं होतं. मूळच्या किडनीला रक्त बाहेर काढायला आडवाटा असतात. हिला ही एकच वाट.

सर्जन लगेच आत घेऊन गेले. गुठळ्या काढल्यावर काळीनिळी किडनी हळूहळू गुलाबी झाली म्हणे. वाचली.

सकाळी पहिल्या दिवशीचा रिपोर्ट उघडला. आरआय ०.६१. संध्याकाळीही तो तिथेच होता, दोन क्लिकवर. सहकारी म्हणतात, हलक्या हाताचा आकडाच खरा, तू बरोबरच मोजलंस. मोजलं बरोबरच. पण ०.६१ च्या शेजारी ०.७३ ठेवून बघितलं नाही. आणि ०.७८ चं चित्र तर मी सेव्हसुद्धा केलं नव्हतं.