तुम्ही विचारलंत म्हणून: दोन तासांच्या तपासणीला सहा वर्षं का लागतात?

सुट्टीत साताऱ्याला घरी आले की हा प्रश्न ठरलेला असतो. मामा विचारतात, शेजारचे काका विचारतात. शिरवळच्या कॉलेजात माझ्याबरोबर शिकून आता गाईम्हशींचे दवाखाने सांभाळणाऱ्या मैत्रिणीही विचारतात. "कोविडच्या किट काही महिन्यांत बाजारात आल्या. तू मात्र डुकरांच्या एका तापाच्या रक्ततपासणीवर सहा वर्षं गुवाहाटीत बसलीयस. तपासणी तर म्हणे दोन-तीन तासांत होते. मग एवढा वेळ जातो कुठे?"

प्रश्न रास्त आहे. जेवणाच्या ताटावर त्याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी ताप कुठला ते सांगायला हवं. 2009 मध्ये पुण्याने स्वाइन फ्लूची दहशत अनुभवली आणि तेव्हापासून नुसतं 'स्वाइन' म्हटलं तरी आपल्याकडे लोक दचकतात. माझा रोग तो नाही. क्लासिकल स्वाइन फीवर हा डुकरांचाच रोग आहे, माणसाला तो होत नाही. डुकरं खाणं सोडतात, थंडी वाजल्यासारखी एकमेकांना चिकटून पडून राहतात, कानांवर आणि पोटावर जांभळे डाग उमटतात, मागचे पाय लटपटायला लागतात. गाभण मादी गाभ टाकते. त्यात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, देशात पहिल्यांदाच. त्याचा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला, पण गोठ्याशी उभं राहून जनावर बघितलं तर अनुभवी डॉक्टरलाही दोन्हींत फरक सांगता येत नाही. म्हणून रक्त काढावं लागतं.

2019 च्या पशुगणनेत देशात 90 लाखांच्या आसपास डुकरं होती, त्यांतली 21 लाख एकट्या आसामात. मोठे फार्म थोडे. घरामागे बांबूच्या कुडाचा गोठा, त्यात दोन-तीन जनावरं, आणि त्यांचं सगळं बघणारी बाई, असंच चित्र बहुतेक गावांत दिसतं. आळूची पानं, केळीचा बुंधा, भाताचा कोंडा, घरच्या तांदळाच्या दारूचा चोथा असं मोठ्या पातेल्यात शिजवून ती त्यांना घालते. पोराची फी भरायची वेळ आली की एक डुक्कर विकलं जातं. आपल्याकडे शेळीचं जे स्थान आहे, ते इथे डुकराचं.

आता तपासणी. एलायझा हे तंत्र 1971 सालचं आहे, स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी साधारण एकाच वेळी काढलेलं. हातभर लांबीचंही नाही असं प्लास्टिकचं ताट, त्यात 96 वाट्या, प्रत्येक वाटी बोटाच्या पेरापेक्षा लहान. वाटीच्या तळाला विषाणूचं एक प्रथिन चिकटवायचं. त्यावर डुकराचा सीरम घालायचा. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते गवती रंगाचं पाणी. त्या डुकराच्या शरीराने कधी या विषाणूशी झुंज दिली असेल, तर सीरममधली प्रतिपिंडं तळाच्या प्रथिनाला धरून बसतात. बाकीचं धुऊन टाकायचं. मग डुकराच्या प्रतिपिंडांना चिकटणारं, शेपटाला एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड घालायचं, पुन्हा धुवायचं, आणि शेवटी रंगाचं द्रावण. एन्झाइम असेल तिथे वाटी निळी होत जाते. ठरलेल्या मिनिटाला आम्लाचा थेंब टाकला की निळ्याचं क्षणात हळदीसारखं पिवळं होतं आणि यंत्र त्या पिवळेपणाला एक आकडा देतं. हजारो वाट्या झाल्या, तरी तो रंग पालटताना मी अजून हातातलं काम थांबवून बघते.

दोन-तीन तास लागतात ते एवढ्याला. सहा वर्षं लागतात ती आकड्यांच्या ओळीत एका जागी रेघ मारायला. रेघेच्या वर 'आहे', खाली 'नाही'. त्यातलं 'आहे' सापडायला फार त्रास होत नाही. 'नाही' सापडता सापडत नाही.

पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते. विषाणूच्या अंगावर ई-टू नावाचं एक प्रथिन असतं, डुकराचं शरीर मुख्यतः त्यालाच ओळखून लढतं. आम्ही ते ई-कोलाय जिवाणूत बनवून घेतलं, कारण ते स्वस्त पडतं आणि पटकन होतं. पहिलं ताट लावलं तर सगळ्या वाट्या पिवळ्याधमक. आजारातून उठलेलं डुक्कर पिवळं, ठणठणीत डुक्करही पिवळं. कारण कळायला तीन महिने गेले. शुद्ध करूनही प्रथिनात ई-कोलायचे बारीक अंश उरले होते, आणि ई-कोलाय तर प्रत्येक डुकराच्या आतड्यात नांदत असतो. प्रत्येकाच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आहेतच. माझं ताट स्वाइन फीवर मोजतच नव्हतं. मग सीरम ज्या द्रावणात पातळ करायचा त्यात ई-कोलायचा अर्क मिसळून ती प्रतिपिंडं आधीच गुंतवून टाकायची युक्ती केली. थोडं सुधारलं, पण जिवाणूत बनवलेल्या ई-टूची घडी मुळात नीट बसत नाही. अखेर किड्यांच्या पेशींत ते बनवण्याकडे वळलो. दीड वर्ष त्यात गेलं.

पुढे खरी अडचण समोर आली. रेघ मारायची तर ज्यांना हा रोग कधीच झालेला नाही अशा डुकरांचं रक्त हवं, तेही शेकड्यांनी. पण रोग इथे मुरलेला आहे आणि लसही टोचली जाते. मालकीण म्हणते लस दिली नाही, आणि गेल्या पावसाळ्यात शिबिरात दिलेली असते. ती खोटं बोलत नसते, शिबिरात काय टोचलं ते तिला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांकडे गेले. डुकरांत आईची प्रतिपिंडं वारेतून गर्भात जात नाहीत, पहिल्या चिकातूनच मिळतात. चीक पिण्याआधीच्या पिल्लाचं रक्त म्हणजे कोरी पाटी. दोन रात्री गोठ्यात बसून, मालकिणीच्या परवानगीने, मी ते थेंब जमवले. ताटावर छान पांढरे राहिले. आणि कामाला आले नाहीत, कारण ते फारच कोरे होते. चार पावसाळे चिखलात काढलेल्या, जंत आणि शंभर जिवाणू झेललेल्या डुकरिणीचं रक्त या रोगाची गाठ न पडताही थोडं पिवळं दिसतंच. पिल्लांवरून रेघ मारली असती, तर जिल्ह्यातल्या निम्म्या निरोगी माद्या मी रोगी ठरवल्या असत्या.

वाटेत गायही उभी असते. स्वाइन फीवरच्या विषाणूची एक सख्खी बहीण गाईंमध्ये फिरते, बोवाइन व्हायरल डायरिया नावाची. इथे गाय आणि डुक्कर एकाच अंगणात असतात. गाईकडून ती बहीण डुकराला लागली, तर डुकराला फारसं काही होत नाही, पण त्याची प्रतिपिंडं माझ्या ताटात अर्धवट पिवळा रंग देतात. खात्री करायची तर जिवंत विषाणू, डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी आणि तो सीरम एकत्र वाढवून बघावं लागतं, दोन्ही बहिणींसाठी वेगवेगळं. एका खेपेला कित्येक दिवस जातात, आणि माझ्या प्रत्येक संशयित नमुन्याला ही खेप चुकत नाही.

मामांना मी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. समजा, आजारी जनावरांपैकी 95 टक्के पकडणारी आणि निरोगी जनावरांपैकी 98 टक्क्यांना बरोबर सोडणारी तपासणी आहे. ऐकायला झकास. भागात 1000 डुकरं आणि त्यांत खरी बाधित 10. तपासणी त्यांतली नऊ-दहा पकडेल. उरलेल्या 990 निरोगींपैकी दोन टक्के, म्हणजे 20 जनावरांनाही ती 'आहे' म्हणेल. तीस अहवाल पॉझिटिव्ह आणि त्यांतले वीस चुकीचे. मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रतिपिंडं तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तपासणी गप्प असते. आईच्या पोटात ठरावीक काळात बाधा झालेली पिल्लं तर विषाणूला आपलाच समजतात, प्रतिपिंडं बनवतच नाहीत, आणि मरेपर्यंत विषाणू पसरवत राहतात. तिथे विषाणूच थेट शोधावा लागतो. आफ्रिकन स्वाइन फीवरचं इथलं जहाल रूप तर बहुतेक डुकरांना प्रतिपिंडं बनायच्या आत मारून टाकतं. आणि इथली नेहमीची लस घेतलेलं डुक्कर आणि रोगातून उठलेलं डुक्कर माझ्या ताटावर सारखंच दिसतं. युरोपात लसीत फक्त ई-टू ठेवून तपासणी दुसऱ्या प्रथिनावर करायचा मार्ग काढला गेला. म्हणजे लस आणि तपासणी एकमेकींच्या मापाने शिवावी लागतात.

मग या तपासणीचा उपयोग काय, असंही लोक विचारतात. मी त्यांना स्पेनची गोष्ट सांगते. 1960 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर तिथे शिरला तो ठाण मांडून बसला. लस नव्हती, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं सापडली की त्या डुकराची विषाणूशी गाठ पडलेली आहे हे नक्की. तिथे सौम्य रूपंही फिरत होती, त्यांतून वाचलेली डुकरं चांगली दिसत आणि रोग पुढे नेत. 1985 पासून पशुवैद्यांची पथकं गावोगाव फिरली, रक्त तपासलं, बाधित डुकरं भरपाई देऊन काढली. 1995 मध्ये देश मोकळा झाला. ते शक्य झालं कारण त्या ताटाच्या 'आहे'वर आणि 'नाही'वर गावकरी विश्वास ठेवू शकत होते.

तो विश्वास एका चुकीने कसा जातो, ते मी पाहिलंय, आणि चूक माझी होती. तिसऱ्या वर्षी ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडच्या एका गावात गेलो होतो. वरच्या जबड्यात सुळ्यांमागे तारेचा फास अडकवून डुकरीण उभी धरली, तिच्या किंकाळ्यांनी सगळी गल्ली गोळा झाली, आणि छातीच्या हाडाजवळून मी पाच मिली रक्त काढलं. डुकरीण गाभण होती. तिचा आकडा रेघेच्या जरासा वर आला. खात्रीची तपासणी बाकी असताना मी गावातल्या सहकाऱ्याला फोनवर 'संशयित' म्हटलं. दोन दिवसांत शब्द गावभर झाला. पिल्लांसाठी आगाऊ पैसे देऊन गेलेला व्यापारी ते परत मागायला आला.

तीन आठवड्यांनी मी दुसरा नमुना घ्यायला गेले. ताजी बाधा असती तर आकडा कितीतरी पटींनी चढला असता. तो तिथेच होता. पेशींवरच्या तपासणीत स्वाइन फीवर नाही, गाईची बहीण निघाली. कुडाच्या पलीकडेच शेजाऱ्यांची गाय बांधलेली होती.

निकाल सांगायला मी स्वतः गेले. बाई चुलीपाशी पातेलं ढवळत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "बाइदेउ (ताई), म्हणजे नाहीच ना?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग हे त्या व्यापाऱ्याला सांगा." मी सांगितलं. त्याने निम्मेच पैसे पुन्हा दिले, उरलेली पिल्लं तिने आठवडी बाजारात विकली.

त्या दिवसानंतर खात्रीची तपासणी झाल्याशिवाय आमच्याकडून एक शब्दही बाहेर जात नाही. तिच्या परवानगीने उरलेला सीरम मी ठेवून घेतला. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये निळ्या झाकणांच्या कुप्यांचा एक डबा आहे, त्यावर मार्करने 'नाही' लिहिलंय. आत आता 412 कुप्या आहेत, प्रत्येक दोन-दोनदा पारखलेली. रेघ त्यांच्यावरूनच ठरते. तिच्या डुकरिणीची कुपी तिसऱ्या ओळीत आहे, आणि प्रथिनाची नवी खेप आली की पहिल्या ताटात मी तीच लावते.